कुत्र्याची आंघोळ : किती वेळा, कशी आणि कोणी घालावी?

मालाडच्या पूर्वेला कुरारपासून पश्चिमेला ऑर्लेम-मार्व्यापर्यंत सकाळी लवकर फेरफटका मारला, तर कुत्र्याचा पट्टा हाती धरून चालणाऱ्यांमध्ये ज्येष्ठ मंडळी सहज नजरेस पडतात. कुत्रा पुष्कळदा मुलाने किंवा नातवंडाने हौसेने आणलेला असतो. पुढे मुलगा सकाळची लोकल गाठतो, नात महाविद्यालयात जाते आणि कुत्र्याचे खाणेपिणे, फिरणे, औषधपाणी हळूहळू आजी-आजोबांच्या वाट्याला येते. या कामांतील बरीचशी कामे आनंदाची असतात. सकाळचे चालणे तर प्रकृतीलाही मानवते. आंघोळीचे काम मात्र निराळे आहे. त्यात वाकणे आहे, ओढाताण आहे आणि मुख्य म्हणजे ओली फरशी आहे.

म्हणून या विषयाकडे दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. कुत्र्याच्या प्रकृतीला किती आंघोळ मानवते हा एक प्रश्न आणि ती घालणाऱ्याच्या प्रकृतीला किती झेपते हा दुसरा. समाधानाची गोष्ट अशी, की दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच दिशेने जाते. निरोगी कुत्र्याला आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी वेळा आंघोळ लागते. जी लागते ती नीट घालावी, पूर्ण कोरडी करावी आणि एकट्याने घालू नये.

कुत्र्याची त्वचा आपल्यासारखी नसते

रोज स्नान करणे हा आपल्याकडील शुचितेचा जुना संस्कार आहे. देवघर, स्वयंपाकघर आणि अंथरूण यांच्या आसपास वावरणारा प्राणी स्वच्छ असावा, ही अपेक्षाही रास्त आहे. पण माणसाचा नियम कुत्र्याला जसाच्या तसा लावता येत नाही, याचे कारण त्याच्या शरीररचनेत आहे.

आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात आणि शरीर थंड करण्यासाठी तो प्रामुख्याने धापा टाकतो. त्यामुळे घामाने अंग चिकट होणे, त्याचा वास येणे हा प्रकार त्याच्याबाबत फारसा संभवत नाही. त्याच्या त्वचेचा बाह्य थर आपल्यापेक्षा पातळ असतो. आपल्या त्वचेचा सामू साधारण ५.५ च्या आसपास, म्हणजे काहीसा आम्लधर्मी असतो. कुत्र्याच्या त्वचेचा सामू त्याहून अधिक, बहुधा ७ च्या जवळपास असतो. माणसासाठी बनवलेले साबण आणि शाम्पू त्याला वरचेवर लावू नयेत, ते यामुळेच.

केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींमधून एक तेलकट स्राव पाझरत असतो. तो त्वचेवर आणि केसांवर पातळ थरासारखा पसरतो, त्वचा कोरडी पडू देत नाही, पाणी आत मुरू देत नाही आणि जंतूंनाही काही प्रमाणात रोखतो. दर तीन-चार दिवसांनी साबणाने अंग चोळले, तर हा थर पुन्हा जमण्याआधीच धुऊन जातो. मग त्वचा कोरडी पडते, खाज सुटते, कुत्रा चाटतो व खाजवतो, ओरखडे उठतात आणि त्यांत जंतुसंसर्ग होतो. त्या संसर्गाचा वास येऊ लागला, की घरातील माणसे अधिकच आंघोळी घालू लागतात. असे चक्र आपल्या घरी सुरू झाले असेल, तर प्रथम आंघोळी कमी कराव्यात आणि पशुवैद्याकडून त्वचा तपासून घ्यावी.

मग किती दिवसांनी?

एकच ठरावीक आकडा सर्व कुत्र्यांना लागू पडत नाही. केसांचा प्रकार, राहणी आणि प्रकृती पाहून तो ठरवावा लागतो. निरोगी कुत्र्यासाठी पुढील अंदाज उपयोगी पडेल.

• आखूड केसांचा देशी कुत्रा : चार ते आठ आठवड्यांतून एकदा. आपल्या हवेला हा सर्वांत सरावलेला असतो. मधल्या काळात ओल्या पंचाने अंग पुसणे पुरते.

• लॅब्राडोर : चार ते सहा आठवड्यांतून एकदा. याच्या केसांचे दोन थर असतात आणि आतला दाट थर वाळायला वेळ लागतो. त्यामुळे आंघोळीपेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा ब्रश फिरवण्यावर भर द्यावा.

• ज्याला आपण सरसकट पॉमेरेनियन म्हणतो तो स्पिट्झ : चार ते सहा आठवड्यांतून एकदा, ब्रश मात्र शक्यतो रोज.

• शित्झू, पूडल यांसारखे सतत वाढणाऱ्या केसांचे कुत्रे : दोन ते चार आठवड्यांतून एकदा. केस आखूड ठेवले तर काम निम्म्याने हलके होते.

• पग : महिन्यातून एकदा, पण तोंडावरच्या घड्या रोज मऊ कापडाने पुसून कोरड्या कराव्यात.

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत त्याला आंघोळ घालू नये. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसावे. पशुवैद्याने त्वचारोगासाठी औषधी शाम्पू दिला असेल, तर तेथे वरील अंदाज लागू नाही. तो शाम्पू सुरुवातीला आठवड्यातून दोनदाही लावावा लागतो आणि ते वेळापत्रक काटेकोर पाळावे. एरवी, वैद्यकीय सल्ल्यावाचून आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा शाम्पू लावू नये, एवढे पथ्य लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

‘पण वास येतो त्याचे काय?’ असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. वासाचे मूळ अंगावरच्या केसांत असतेच असे नाही. कान, दात, गुदद्वाराजवळच्या ग्रंथी, ओठांच्या घड्या आणि बोटांमधली ओल ही वासाची नेहमीची ठिकाणे आहेत. कानात संसर्ग झालेल्या कुत्र्याला कितीही आंघोळी घातल्या तरी वास जाणार नाही. कुत्र्याचे अंथरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवले, तर घरातला वास आंघोळीपेक्षाही अधिक कमी होतो, असा अनुभव आपल्याला येईल.

मालाडचा पावसाळा

जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत आपल्या उपनगरात कपडे वाळत नाहीत, तिथे दाट केसांचा कुत्रा कसा वाळणार? ओल राहिलेल्या त्वचेवर बुरशी व यीस्ट झपाट्याने वाढतात. बोटांमध्ये, काखेत, जांघेत आणि कानांत लाली येते, आंबट-कुबट वास येतो. लॅब्राडोरसारख्या कुत्र्याच्या अंगावर एकाएकी ओलसर, लालभडक चट्टा उमटतो आणि एका दिवसात तो तळहाताएवढा होऊ शकतो. म्हणून पावसाळ्यात आंघोळींची संख्या वाढवू नये, उलट शक्य तितकी कमी ठेवावी. पुसणे व वाळवणे मात्र वाढवावे.

पावसाळ्यातील दुसरा धोका अधिक गंभीर आहे. तो कुत्र्याला आहे आणि आपल्यालाही. मालाडचा सबवे जोराच्या पावसात तुंबतो, पोईसर नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरते, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. अशा पाण्यात उंदीर-घुशींचे मूत्र मिसळलेले असते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती, हे अनेक वाचकांना आठवत असेल. हे जंतू त्वचेवरील लहानशा जखमेतून, तसेच डोळे, नाक व तोंड यांच्या आतील त्वचेतून शरीरात शिरतात. कुत्र्याला हा रोग होतो आणि बाधित कुत्र्याच्या मूत्रातून तो माणसाला होऊ शकतो.

यावर आंघोळ हा उपाय नाही, पण पायांची स्वच्छता हा आहे. पुढील नियम पावसाळाभर पाळावेत.

• साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला नेऊ नये आणि आपणही जाऊ नये. पाणी ओसरेपर्यंत फेरी इमारतीच्या आवारातच उरकावी.

• बाहेरून आल्यावर दारातच एका पसरट टोपात स्वच्छ पाणी घेऊन चारही पंजे बुडवून धुवावेत. पाय घाण पाण्यात भिजले असतील, तर हातमोजे घालून सौम्य शाम्पू वापरावा. मग बोटे अलग करून, मधली जागा कोरडी पुसावी.

• पुसताना तळव्यांवर चीर, काच किंवा जखम आहे का, ते पाहावे.

• लेप्टोस्पायरोसिसची लस दर वर्षी देऊन घ्यावी. ती पावसाळ्यापूर्वी दिलेली बरी.

• कुत्र्याने घरात लघवी केली तर हातमोजे घालून, जंतुनाशक वापरून पुसावी.

आपले स्वतःचे पाय साचलेल्या पाण्यात भिजले असतील, विशेषतः पायाला जखम, भेगा किंवा मधुमेह असेल, तर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे. पुढील काही दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांत लाली किंवा कावीळ दिसल्यास विलंब करू नये आणि आपल्या घरी कुत्रा आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मार्वे किंवा अक्सा किनाऱ्यावर फिरून आल्यावरही हाच न्याय. खारे पाणी आणि रेती केसांत राहिली तर खाज सुटते. अशा वेळी शाम्पूची गरज नाही. साध्या पाण्याने अंग विसळून कोरडे केले की पुरे.

आधी आपली सुरक्षितता

साठी-सत्तरीनंतर न्हाणीघरात पाय घसरणे ही किरकोळ बाब राहत नाही. हाडे ठिसूळ झालेली असतील तर एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि मग शस्त्रक्रिया, अंथरूण, परावलंबन अशी मालिका सुरू होते. साबणाच्या पाण्यात उभा असलेला तीस किलोचा कुत्रा अचानक झटका देऊन निघाला, तर तरुण माणूसही तोल सावरू शकत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना बराच वेळ वाकून एकदम उभे राहिल्यास भोवळ येऊ शकते. त्यामुळे पुढील गोष्टींत तडजोड करू नये.

• घरात एकटे असताना कुत्र्याला आंघोळ घालू नये. ही कामगिरी रविवारी, मुलगा-सून घरी असताना ठेवावी. एकाने धरावे, दुसऱ्याने धुवावे.

• न्हाणीघरात रबरी जाळीची चटई अंथरावी, एक आपल्या पायांखाली आणि एक कुत्र्याच्या. त्याचे पाय घसरले नाहीत, तर त्याची धडपड निम्मी कमी होते.

• उभ्याने वाकू नये. पक्क्या, रुंद पायांच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून काम करावे. उठताना धरण्यासाठी भिंतीला दांडा असावा. नळाला धरून उठू नये.

• पायांत खडबडीत रबरी तळव्याची चप्पल असावी. लांब धोतर, साडीचा पदर किंवा ओढणी खोचून घ्यावी.

• दाराला आतून कडी लावू नये. दार नुसते लोटून घ्यावे.

• पट्ट्याचे टोक मनगटाला गुंडाळू नये. कुत्र्याने हिसका दिला तर मनगट किंवा खांदा दुखावतो.

• कुत्र्याला उचलून टेबलावर किंवा टबात ठेवू नये. तो जमिनीवर उभा राहिलेलाच बरा.

• बादलीत गरम पाणी काढून झाल्यावर गीझर बंद करावा. केस वाळवण्याचे यंत्र न्हाणीघरात कधीही आणू नये. ते बाहेर, कोरड्या जागी आणि कोरड्या हातांनीच वापरावे.

रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. वयोमानाने त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते; कुत्र्याच्या नखाचा साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो. म्हणून आंघोळीच्या दोन दिवस आधी नखे कापून घ्यावीत आणि कोपरापर्यंतच्या बाह्या घालाव्यात. ओरखड्यातून रक्त आले किंवा दात लागला, तर कुत्रा घरचा आणि लसीकरण झालेला असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. रेबीजच्या बाबतीत ‘आपलाच तर आहे’ हा विचार सर्वांत घातक ठरतो.

हे सर्व झेपण्यासारखे नसेल, तर त्यात कमीपणा मानू नये. मुंबईच्या उपनगरांत घरी येऊन किंवा दुकानात कुत्र्यांना आंघोळ घालून देणारे व्यावसायिक आता उपलब्ध आहेत. त्यांच्याकडे कुत्रा देताना शाम्पू कोणता वापरतात, वाळवताना यंत्राची हवा किती गरम ठेवतात आणि त्या वेळी कोणी समोर थांबते का, एवढे विचारून घ्यावे. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला गरम हवेच्या बंद पेटीत वाळवू देऊ नये. त्याला उष्माघात होऊ शकतो.

आंघोळीची रीत

वेळ सकाळी दहा ते बाराच्या दरम्यानची निवडावी, म्हणजे वाळायला दिवस हाती राहतो. खाणे होऊन दोन तास झालेले असावेत. आधी एक छोटी फेरी मारून आणावी.

सुरुवात पाण्याने नव्हे, ब्रशाने करावी. केसांत गुंता असताना पाणी पडले, तर तो घट्ट आवळला जातो आणि मग कात्रीच लावावी लागते. ब्रश करतानाच गोचीड, गाठ, फोड, केस गेलेले चट्टे हाताला लागतात. ही तपासणी आंघोळीइतकीच मोलाची आहे.

शाम्पू, मग, दोन जुने टॉवेल आणि कुत्र्याच्या आवडीचा खाऊ हे सारे आधीच हाताशी ठेवावे. भिजलेल्या कुत्र्याला सोडून टॉवेल आणायला धावणे, हेच घसरण्याचे नेमके कारण असते. मध्यम आकाराच्या कुत्र्याला दोन-तीन बादल्या पाणी लागते. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच येते, तेव्हा ते आधी भरून ठेवावे. पाणी कोमट असावे. मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून पाहावे. ते गरम न वाटता केवळ सुखद वाटले पाहिजे.

मागच्या पायांपासून हळूहळू पाणी ओतत मानेपर्यंत यावे. डोक्यावर एकदम पाणी ओतू नये. बहुतेक कुत्रे आंघोळीला घाबरू लागतात ते तेथूनच. शाम्पू थेट अंगावर न ओतता मगभर पाण्यात कालवून घ्यावा. पिसवा असतील तर प्रथम मानेभोवती फेसाचे कडे करावे, म्हणजे त्या डोक्याकडे पळत नाहीत. मग बोटांच्या टोकांनी, नखे न लावता, केसांच्या दिशेने चोळावे. औषधी शाम्पू असेल तर घड्याळ लावून साधारण १० मिनिटे अंगावर राहू द्यावा. तो लगेच धुतला तर औषधाचा उपयोग होत नाही. साधा शाम्पू इतका वेळ ठेवण्याची गरज नसते.

त्यानंतरचे विसळणे हे सर्वांत महत्त्वाचे. चोळायला जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ विसळण्यास द्यावा. काख, जांघ, पोट, शेपटीखालचा भाग येथे शाम्पू राहून जातो आणि पुढे तेथेच खाज सुटते. पाणी स्वच्छ निथळू लागेपर्यंत थांबू नये.

चेहरा मग घेऊन धुवू नये. ओल्या मऊ कापडाने पुसावा. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. त्यामुळे आत गेलेले पाणी सहज बाहेर येत नाही. कानाच्या तोंडाशी कापसाचा मोठा बोळा अलगद ठेवावा आणि आंघोळ संपताच तो आठवणीने काढावा. कान कोरायची काडी आत घालू नये.

शेवटी टॉवेलने दाबून दाबून पाणी टिपावे. खसाखसा चोळल्यास लांब केसांत गुंता होतो. कुत्रा अंग झाडणारच. त्या वेळी आपण बाजूला व्हावे आणि सांडलेले पाणी लगेच पुसून घ्यावे. मग त्याला पंख्याखाली किंवा गॅलरीतल्या उन्हात बसवावे. बाहेरचे केस वाळले तरी बोटांनी केस उलगडून मुळाशी ओल आहे का, ते पाहावे. मुळाशी कोरडे झाल्यावरच आंघोळ पूर्ण झाली असे समजावे.

घरगुती उपाय : कोणते चालतील, कोणते टाळावेत

कुत्र्यांसाठी बनवलेला, सौम्य व बिनसुगंधी शाम्पू हा सर्वांत सुरक्षित पर्याय आहे. लहान बाळांचा शाम्पू एखाद्या वेळी अडचणीत चालून जाईल, पण त्याची सवय करू नये. भांड्यांचा किंवा कपड्यांचा साबण त्वचेवरचे सारे तेल काढून टाकतो. शिकेकाई व रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास झोंबते आणि त्यांची भुकटी दाट केसांतून पूर्ण निघत नाही. कडुलिंबाच्या पानांचे उकळून गार केलेले पाणी शेवटी अंगावर घेण्यास हरकत नाही. मात्र ते औषधाची जागा घेऊ शकत नाही. लिंबाच्या रसाने खाजवलेली त्वचा अधिकच होरपळते.

काही पदार्थ मात्र निश्चित टाळावेत. फिनेल आणि माणसांसाठीचे तीव्र जंतुनाशक द्रव त्वचा भाजतात, शिवाय कुत्रा अंग चाटतो तेव्हा ते पोटात जातात. गोचिडींसाठी रॉकेल लावण्याची जुनी पद्धत तर फार धोक्याची. त्याने त्वचा भाजते आणि चाटताना ते फुप्फुसांत गेल्यास न्यूमोनिया होतो. टी ट्री तेल थोड्या प्रमाणातही कुत्र्याला विषारी ठरू शकते. अंथरुणात डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. रंगपंचमीचा रंग अंगावर पडला, तर प्रथम कोरडा झटकावा आणि मग सौम्य शाम्पूने धुवावा. तो काढण्यासाठी रॉकेल किंवा स्पिरिट वापरू नये.

गोचीड आंघोळीने जात नाही

गोचिडीची मादी रक्त पिऊन फुगली, की कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, अंथरुणाखाली हजारो अंडी घालते. आपण कुत्र्याला घासत राहतो आणि पुढची पिढी भिंतीत तयार होत असते. गोचिडींमुळे कुत्र्याला एर्लिकिओसिस, बबेसिओसिस असे रक्ताचे गंभीर आजार होतात. त्यामुळे पशुवैद्याच्या सल्ल्याने गोळी, मानेवर टाकायचे थेंब किंवा औषधी पट्टा नियमित वापरावा आणि घरातील फटीही साफ कराव्यात.

येथे आंघोळीचा संबंध असा, की मानेवर थेंब टाकण्याच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालू नये. औषध त्वचेवरच्या तेलातून अंगभर पसरते. ते तेलच धुऊन टाकले तर औषध पसरणार कसे? घरात मांजर असेल तर कुत्र्याच्या औषधात पर्मेथ्रिन नाही ना, हे पाहून घ्यावे. ते मांजराच्या जिवावर बेतते. अमिट्राझ मिसळलेले द्रावण अंगाला लावायचे असेल, तर हातमोजे घालून, हवेशीर जागी लावावे. मधुमेह असलेल्या व्यक्तीने ते काम दुसऱ्याकडे सोपवावे, कारण हे औषध रक्तातील साखरेवर परिणाम करू शकते.

म्हातारा कुत्रा, आजारी माणूस

दहा-बारा वर्षांच्या कुत्र्याचेही सांधे आखडलेले असतात, नजर अधू असते, हृदय थकलेले असते. त्याला पंधरा मिनिटे ओल्या फरशीवर उभे ठेवणे ही शिक्षाच होय. अशा कुत्र्याची आंघोळ दोन दिवसांत वाटून घ्यावी, एक दिवस मागचा भाग, दुसऱ्या दिवशी पुढचा. किंवा चटईवर झोपवून कोमट पाण्याच्या पंचाने पुसून काढावे. लघवीवर ताबा राहिला नसेल, तर मागच्या भागाचे केस आखूड ठेवून तेवढीच जागा रोज धुवावी व कोरडी करावी. खोकला, धाप किंवा हृदयविकार असेल, तर आंघोळीपूर्वी पशुवैद्याला विचारावे.

घरात अंथरुणाला खिळलेले रुग्ण असतील, कोणाची केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे सुरू असतील, तर कुत्रा दूर करण्याची गरज सहसा नसते. तो आजारी माणसाला मोठा आधार असतो. मात्र त्याला आंघोळ घालणे, नखे कापणे, विष्ठा उचलणे ही कामे त्या व्यक्तीने करू नयेत. कुत्र्याला गजकर्ण किंवा खरूज झाली असेल, तर उपचार पूर्ण होईपर्यंत त्याला अंथरुणावर घेऊ नये. त्याला हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत.

पशुवैद्याला केव्हा दाखवावे?

आंघोळीनंतर दोन-तीन दिवसांतच पुन्हा वास येऊ लागला, गोलाकार केस गेले, त्वचा काळी-जाड किंवा तेलकट झाली, कानातून तपकिरी मळ येऊ लागला, रात्रभर खाज सुटली, तर आंघोळीची संख्या बदलून भागणार नाही. रोगाचे निदान झाले पाहिजे. ताप, उलट्या, अन्नावरची वासना जाणे, हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळ्या दिसणे ही तर तातडीची लक्षणे आहेत.

आपल्या भागातील पशुवैद्य हा पहिला आधार. मोठ्या उपचारांसाठी परळला १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तसेच जुने मुंबईकर ज्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणून ओळखतात, ते बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयही तेथेच आहे. ट्रामच्या घोड्यांसाठी आणि गाडीच्या बैलांसाठी ज्या काळी उपचारांची सोय हवी होती, त्या काळातील ही संस्था आज घरोघरच्या कुत्र्या-मांजरांवर उपचार करते.

दिनदर्शिकेवर आंघोळीची तारीख, गोचिडीच्या औषधाची तारीख आणि लसीची तारीख अशा तीन नोंदी ठेवाव्यात. आंघोळीच्या तारखेपुढे त्या दिवशी मदतीला कोण असेल, त्याचे नावही लिहावे. नाव लिहिता येत नसेल, तर आंघोळ पुढच्या रविवारवर ढकलावी. तोवर ब्रश आणि ओला पंचा कुत्र्याला पुरेसा आहे.